‘ब’च्या पोटातलं पांढरं

दर रविवारी सकाळी लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरची बैठकीची खोली रिकामी होते. सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंजी अंथरायची, बालभारतीची पुस्तकं मांडायची. दहाच्या सुमारास मुलं येतात. कुणी आमच्याच कॉलनीतली, कुणी किदवाई नगरच्या नव्या टॉवरांतली, कुणी सरोजिनी नगराकडची. घरी ती मराठी बोलतात, शाळेत हिंदी आणि इंग्रजी वाचतात. देवनागरी त्यांना येते, मराठी वाचायची सवय मात्र नाही. ती लागावी म्हणून हा वर्ग.

यंदा वर्गाला पाटी करायचं ठरलं. रविवारी जिन्याजवळ टांगायची आणि वर्ग सुटला की उतरवून ठेवायची, एवढी पत्र्याची पाटी. अक्षरं माझ्या लेकीनं काढली. ती एका डिझाइन स्टुडिओत काम करते आणि याच अक्षरांतून पुढे पूर्ण फॉन्ट करायचा तिचा विचार आहे. नेमके त्याच आठवड्यात माझे वडील आमच्याकडे आले होते. त्यांची उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. पाटीचा छापील कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि आजोबा-नातीचं बोलणं सुरू झालं. ते दोन दिवस चाललं. मी बहुतेक वेळ ऐकतच होते. ठळक, भौमितिक अक्षर घडवायचं म्हणजे काय करायचं आणि ते वापरायचं कुठे, हे मला त्या दोन दिवसांत उमगलं. म्हणून ते बोलणं इथे मांडते आहे.

आजोबा : अक्षरं दणकट आहेत खरी. पण ही काढलीस कशानं?

नात : वर्तुळ आणि सरळ पट्टी, बस्स. प्रत्येक रेघेची जाडी सारखी ठेवली. क, ब आणि व, या तिघांचं पोट एकाच वर्तुळातून कापलंय. म्हणून बघा ना आजोबा, सगळी एका घरची वाटतात.

आजोबा : एका घरची माणसं एकमेकांसारखी दिसतात, पण ती एका साच्यातून काढलेली नसतात. देवनागरीचं घर बोरूचं. बोरूचं टोक तिरकं छाटायचं, मग हात वळेल तशी रेघ आपोआप जाड-बारीक होत जाते. रोमन लिहिणाऱ्याच्या कलमाचा काप एका बाजूला कललेला, आपल्या बोरूचा त्याच्या उलट. त्यामुळे दोन्ही लिप्यांत रेघ जाड कुठे व्हायची आणि बारीक कुठे, हेच वेगळं. अक्षराची चाल त्यावरून ओळखायची. तू ती जाड-बारीकच काढून टाकलीस. मग त्यात देवनागरी किती उरली?

नात : ठेवण उरली. दंड, शिरोरेषा, गाठ, वळण. बोरू गेला तरी ‘ग’ हा ‘ग’च दिसतो. आणि जाड-बारीक काढायला कारण आहे. ही अक्षरं रेडियमवाल्याकडे मशीनवर कापून पत्र्यावर चिकटवायची आहेत. बारीक टोक पहिल्याच उन्हाळ्यात उचकटून येतं. मुलांच्या टी-शर्टवर छापा, टोपीवर भरतकाम करा, लोखंडी पत्र्यातून कापून काढा, सगळीकडे तीच गत. बारीक रेघ आधी जाते. सारख्या जाडीचं ठळक अक्षर टिकतं.

आजोबा : हे पटतं. आमच्याकडे भिंतीवर लावायच्या पोस्टरांसाठी लाकडी खिळे असायचे. शिशाचा एवढा मोठा खिळा ओतला तर तो जड होतो, महाग पडतो आणि निवताना त्याचा माथा एकसारखा राहत नाही. म्हणून लाकूड. आणि लाकडात नाजूक टोक टिकत नाही, म्हणून तेही अक्षर जाडच. साधनाप्रमाणे अक्षर बदलतं, ते मान्य. पण लाकूड कोरणाऱ्याच्या हाताला आधी बोरूचं वळण ठाऊक होतं. तुझ्या वर्तुळाला काय ठाऊक आहे?

नात : वर्तुळाला काही ठाऊक नसतं, ते मलाच ठाऊक असायला हवं. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत हाच वाद झाला होता. पाउल रेनरनं फ्युचुरा नावाचा टाइप घडवला. तो १९२७ साली फ्रँकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीनं बाजारात आणला. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन यांतून घडलेलं अक्षर म्हणून तो गाजला. १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावर जी धातूची पाटी ठेवून आले, तिच्यावरची अक्षरंही फ्युचुराचीच. पण त्याचे सुरुवातीचे आराखडे बघितले तर काही अक्षरं इतकी निव्वळ भूमितीची होती की वाचणारा अडखळावा. ती विक्रीला आलेल्या टाइपातून बहुतेक गळली. जी उरली त्यांतही जिथे गोल रेघ उभ्या रेघेला मिळते, तिथे ती हळूच बारीक केलेली आहे. भौमितिक दिसणं वेगळं आणि भूमितीनं आखणं वेगळं, हे रेनरनं तेव्हाच ओळखलं.

आजोबा : त्याचं काम आपल्यापेक्षा सोपं होतं. रोमन मोठ्या अक्षरांत ओ आहे, सी आहे, डी आहे. वर्तुळ, अर्धवर्तुळ त्यांच्या अंगातच आहे. आपल्याकडे पूर्ण गोल म्हणजे एक ‘ठ’. बाकी कुठे गाठ, कुठे आकडी, कुठे कान. आणि मजले तीन! मधला अक्षरांचा, वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार. रोमन अक्षर जाड करायचं तर आडवं फुगवता येतं. आपलं जाड केलं की वेलांटी वरच्या ओळीला भिडते.

नात : अवघड आहे, पण होतं. २०१४ मध्ये इंडियन टाइप फाउंड्रीनं पॉपिन्स आणला. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. दोन्ही लिप्या वर्तुळावर उभ्या आहेत आणि केसासारख्या बारीक रेघेपासून ती अगदी भरभक्कम होईपर्यंत वजनाच्या नऊ पायऱ्या आहेत. या घाटाची देवनागरी इतक्या वजनांत त्याआधी नव्हती. आज दुकानांच्या पाट्या, मोबाइलमधली अॅपं, लग्नपत्रिका, जिथे बघाल तिथे तो दिसतो. वापरायला मोफत आहे, हे एक कारण. पण नुसतं मोफत असून कुणी एवढं वापरत नाही.

आजोबांनी तिच्या लॅपटॉपवर पॉपिन्सचं सगळ्यात ठळक वजन मोठं करून बघितलं. खिशातलं भिंग काढून पडद्याला लावलं. प्रूफ बघायची त्यांची ती जुनी सवय. बराच वेळ ते ‘क’ आणि ‘ब’ न्याहाळत होते.

आजोबा : परकारानं काढल्यासारखं दिसतं आहे. पण परकार कुठे बाजूला ठेवला, तेही दिसतं आहे. इथे बघ, पोट दंडाला मिळतं तिथे रेघ रोडावली आहे. हे काम करणाऱ्याच्या डोळ्याला शाई कळते. आता तुझा कागद आण.

कागद आणला. पण भिंग न लावता आजोबा म्हणाले, “हा जिन्याजवळच्या भिंतीवर लाव. पाटी भिंगानं कुणी वाचत नाही.” खाली उतरून तिनं कागद चिकटवला. आम्ही तिघं मधल्या हिरवळीच्या पलीकडे कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिलो, चाळीसेक पावलांवर. मागे अरविंद मार्गावरच्या गाड्यांचा आवाज. आमच्या वर्गाला येणारा आठ वर्षांचा एक मुलगा तिथेच सायकल फिरवत होता. आजोबांनी त्याला थांबवून विचारलं, “काय लिहिलंय तिकडे?” त्यानं डोळे बारीक केले आणि वाचलं, “लक्ष्मी... वाई नगर.”

कुणी हसलं नाही. माझ्या लेकीचा चेहरा उतरला. तो मुलगा हुशार आहे आणि त्यानं जे दिसलं तेच वाचलं होतं. तिच्या ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ आणि भोवतालचा गोल, दोन्ही इतके जाड होते की मधलं पांढरं दुरून मिटून गेलं होतं. ‘क्ष्म’ तर काळा गोळाच झाला होता. तो शब्द ओळखीचा म्हणून वाचता आला, इतकंच.

आजोबा : वाई हे गावही चांगलं आहे, कृष्णाकाठचं. पण पाटीवर राणीचं नाव आहे ना!

नात : चुकलंच. कागदावर समोर असताना नीट दिसत होतं.

आजोबा : चूक तुझ्या एकटीची नाही. ठळक करायला बसलं की सगळे काळ्याकडे बघतात. आम्ही खिळे जुळवायचो तेव्हा अक्षर आरशातल्यासारखं उलटं असायचं. उलट्या अक्षरात डोळा आकार वाचत नाही, तो फटी बघतो. दोन खिळ्यांमधली फट, दोन ओळींमधली शिशाची पट्टी, अक्षराच्या पोटातला खड्डा. त्या खड्ड्यात शाई आणि कागदाचा भुगा बसला की ब आणि व एकच. मग रॉकेल आणि ब्रश घेऊन खड्डे साफ करत बसायचं. पांढरं राखणं हे आमचं अर्धं काम होतं.

नात : म्हणजे शाई कोपऱ्यात साठायची?

आजोबा : नेहमी. दोन रेघा मिळतात त्या काखेत पहिली.

नात : मग तुम्हाला एक गोष्ट सांगते. अमेरिकेत १९७८ साली मॅथ्यू कार्टर या कलाकारानं टेलिफोन डिरेक्टरीसाठी बेल सेंटेनियल नावाचा टाइप केला. हलका कागद, बारीक अक्षर, भरधाव छपाई. शाई काखेत साठणार हे ठरलेलं. म्हणून त्यानं रेघा मिळतात तिथे आधीच खाचा कापून ठेवल्या. छापताना शाई त्या खाचांत उतरायची आणि अक्षर नीट दिसायचं. तो टाइप होता बारकाव्याचा, माझं अक्षर आहे दांडगं. पण दुखणं एकच. इथे शाई पसरत नाही, दुरून बघणाऱ्याचा डोळा काळं पसरवतो.

आजोबा : मग तुला खाच कुठे द्यायची ते कळलं.

त्या रात्री ती उशिरापर्यंत बसली. सकाळी तिनं काय काय बदललं ते आजोबांना सांगितलं. मला त्यातलं सगळं नवं होतं, म्हणून जसं ऐकलं तसं लिहिते.

नात : पहिलं म्हणजे ‘ब’चं पोट आता वर्तुळ नाही. आडवं थोडं ताणलं. आतली तिरकी रेघ बाहेरच्या रेघेपेक्षा बारीक केली आणि दोन्ही टोकांशी आणखी निमुळती. बघणाऱ्याला ती जाडच वाटते, कारण तिच्या दोन्ही बाजूंना पांढरं आहे. दुसरं, शिरोरेषा. दंड आणि शिरोरेषा मी मापानं सारख्या ठेवल्या होत्या. पण आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जाड दिसते. सगळ्या शब्दावर झाकण बसल्यासारखं झालं होतं. ती पातळ केली. तिसरं, गोल पोटं ठरल्या रेषेच्या किंचित खाली उतरवली. गोलाचा तळ रेषेवर नेमका टेकवला तर तो अधांतरी वाटतो, सरळ दंडापेक्षा आखूड.

आजोबा : शिरोरेषा काढूनच टाकावी असं नाही वाटलं? हल्ली बघतो मी, जाहिरातीत बिनशिरोरेषेची अक्षरं असतात.

नात : वाटलं होतं. एका नाममुद्रेला ते शोभतं, आणि गुजराती लिपी तर शिरोरेषेशिवायच चालते. पण गुजराती अक्षरं तशीच वाढली आहेत. आपल्या अक्षरांना शिरोरेषा शब्दात बांधून ठेवते. वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या पाटीवरून मी ती काढणार नाही.

आजोबा : शाबास. आणि ‘क्ष्म’?

नात : त्याला एक रात्र पुरली नसती, तुमच्यामुळे पुरली. आधी मी अर्धा क्ष आणि म शेजारी शेजारी ठेवले होते, दोघांची जाडी पूर्ण. आता ‘क्ष्म’ हे एकच अक्षर समजून काढलं. क्षच्या गाठीतलं पांढरं आधी ठरवलं, मग त्याभोवती काळं बसवलं. आतल्या रेघा बाहेरच्यांपेक्षा पातळ आहेत, पण वजन शेजारच्या ‘ल’एवढंच दिसतं.

आजोबा : आमच्या वेळी हे सुख नव्हतं. हातानं जुळवताना शेकडो खान्यांतून जोडाक्षरांचे खिळे उचलायचे. मग लायनोटाइप आलं, त्याला कळा नव्वद. नव्वद कळांत देवनागरी बसवायची म्हणून जोडाक्षरं मोडा, हलन्त लावा, अक्षरं कमी करा, असा सगळा खटाटोप. सावरकरांची ‘अ’ची बाराखडी आठव, इ-ईच्या जागी अि-अी. लिपी यंत्राला सोयीची व्हावी, हाही त्या काळच्या लिपीसुधारणेमागचा एक मोठा विचार होता. यंत्रासाठी लिपीनं वाकायचं, असा तो काळ.

नात : आणि आता एका फॉन्टमध्ये शेकडो आकार ठेवता येतात. जागा आहे, म्हणून मोडतोड करायला सबब उरली नाही. तरी पुष्कळ ठळक फॉन्टांत जोडाक्षरं घाईनं केलेली असतात, कारण करणारा आधी क, ख, ग सजवतो. मी उलट जाणार. आधी क्ष्म, ष्ट्र, द्ध, र्‍या. जे सगळ्यांत दाटीचं आहे त्यावरून जाडी ठरेल.

इथे आजोबा गप्प झाले. मला वाटलं, आता एकमत झालं. पण त्यांचा खरा आक्षेप यापुढे होता आणि तो अक्षर काढण्याबद्दल नव्हता, वापरण्याबद्दल होता.

आजोबा : तू फॉन्ट करणार म्हणतेस. म्हणजे हे अक्षर तुझ्या हातातून सुटणार. मग ते कोण, कुठे, कशाला लावील, सांगता येईल? कमल शेडगे मराठी नाटकांच्या जाहिरातींची शीर्षकं लिहायचे. नाटक ऐतिहासिक असो, विनोदी असो, दुःखाचं असो, प्रत्येकाचं अक्षर वेगळं. वर्तमानपत्र उघडलं की नाव वाचायच्या आधी नाटकाची जात कळायची. शीर्षकाचं अक्षर त्या एका कामासाठी घडायचं. तुझा फॉन्ट मात्र एकदा झाला की बारशाच्या पत्रिकेलाही तोच आणि तेराव्याच्या पत्रालाही तोच.

नात : शेडगे यांची अक्षरं आम्ही आजही अभ्यासतो. पण आजोबा, त्यांच्यासारखा अक्षरकार किती जणांना परवडतो? आपल्या वर्गाला? पापडाच्या पिठाच्या पिशवीवर नाव छापणाऱ्या बचत गटाला? शाळेच्या कबड्डी संघाला? मुंबईच्या एक टाइप या गटानं मोदक नावाचा फॉन्ट मोफत दिला. इतका गुटगुटीत, की आतलं पांढरं बारीक रेघेएवढंच उरतं. तुम्ही कालपासून पांढरं राखायला सांगताय ना? मोदकमध्ये ते पांढरं रेघ म्हणूनच काढलं आहे, जपून, एकेक. वडापावच्या गाडीवर, मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो किती छान दिसतो! ज्याच्याकडे चित्रकार नाही, त्याला त्यानं एक देखणं शीर्षक दिलं.

आजोबा : शीर्षक दिलं, हे तूच म्हणालीस. आता तोच मोदक घेऊन कुणी अख्खा परिच्छेद छापला तर?

नात : तर वाचवणार नाही. आणि तसं छापतातही.

आजोबा : त्याची जबाबदारी कुणाची? निर्णयसागरचं अक्षर बघ. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये तो छापखाना काढला. त्या खिळ्यांत पोथ्या छापल्या, काव्यं छापली, जाड जाड ग्रंथ छापले. माणूस तासन्‌तास वाचत बसला तरी अक्षर त्याच्या वाटेत येत नाही. ते अक्षर वाचकाला आधी बसायला जागा देतं. तुझं ठळक अक्षर हाक मारतं. हाक एकदा मारायची असते. पानभर हाका मारत सुटलं तर माणूस कान झाकून घेईल.

नात : मग हाक मारूच नये का? विंडोजमध्ये मराठी उमटायला लागलं ते मंगल फॉन्टनं. तो रघुनाथ कृष्ण जोशी यांनी केला. हाताचे सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवलेले. त्यांनी पडद्यावरच्या बारीक मजकुरासाठी साधं, सोसणारं अक्षर दिलं. पण आता तोच मंगल लोक पाटीवर मोठा करून लावतात आणि पाटी मलूल दिसते. जे अक्षर बसून वाचायचं, ते उभ्यानं वाचायला लावलं तर तीही चूकच. प्रत्येक अक्षराला त्याचं अंतर असतं. मंगल हातभरावरून, माझं अक्षर हिरवळीच्या पलीकडून.

आजोबा : अंतर. हा शब्द चांगला काढलास. मग फॉन्ट देताना ते अंतरही सांगून दे. तीन-चार शब्दांपलीकडे हा वापरू नका, एवढ्या मापाखाली छापू नका, असं स्पष्ट लिही. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असते ना?

नात : लिहीन. आणि सोबतीला मजकुरासाठी साधं अक्षर कुठलं घ्यावं, तेही सुचवीन.

दुपारी दोघं लोधी कॉलनीच्या भिंती बघायला गेली, मीही गेले. आमच्या घरापासून फार लांब नाही. तिथल्या जुन्या सरकारी क्वार्टरांच्या भिंतींवर स्टार्ट इंडिया या संस्थेनं देशोदेशीच्या कलाकारांकडून चित्रं काढून घेतली आहेत. संस्थेच्या स्थापकांपैकी हनीफ कुरेशी २०२४ मध्ये गेले. रस्त्यावरच्या पेंटरांची हातानं रंगवलेली अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट करायचं मोठं काम त्यांनी केलं होतं. एका भिंतीवर डाकू या कलाकाराची रचना आहे. भिंतीतून पुढे आलेल्या अक्षरांची सावली ऊन पडलं की शब्द होते आणि दिवसभर सरकत राहते. आजोबा तिथे बराच वेळ उभे होते. रंगाचा एक थेंबही न वापरता अक्षर ठळक होऊ शकतं, असं ते स्वतःशीच म्हणाले.

परतताना रस्त्यावरच्या पाट्यांवर माझ्या लेकीनं आजोबांचं लक्ष वेधलं. दिल्लीत रस्त्यांची नावं चार लिप्यांत असतात, देवनागरी, रोमन, गुरुमुखी आणि उर्दू.

नात : ठळक अक्षराची खरी परीक्षा इथे आहे. चार लिप्या, चार चाली. दोन शिरोरेषेखाली लोंबतात, एक रेषेवर उभी राहते, एक उजवीकडून येते. चौघी शेजारी शेजारी बसायच्या, कुणी मोठी दिसायची नाही, कुणी दबायची नाही. एक टाइपनंच बालू नावाचं फॉन्टांचं कुटुंब केलं. ते भौमितिक नाही, गोलसर आणि जाड आहे. पण त्यात प्रत्येक लिपीच्या फॉन्टला त्या त्या भाषेतल्या भावाचं नाव आहे. गुजरातीचा बालू भाई, बंगालीचा बालू दा, गुरुमुखीचा बालू पाजी, तमिळचा बालू तंबी, मल्याळमचा बालू चेट्टन, उर्दूसाठी बालू भाईजान.

आजोबा : भावांची नावं दिली म्हणजे प्रत्येकाला त्याचं घर ठेवू दिलं. सगळ्यांना एकाच वर्तुळात नाही कोंबलं. काल मी तेच म्हणत होतो, एका घरची, पण एका साच्यातली नव्हेत. आता तुझा ‘ल’ दाखव.

नात : ‘ल’ला काय झालं?

आजोबा : तू दंडाचा ल काढला आहेस. वर्तुळात तो सहज बसतो, म्हणून. ही मुलं बालभारतीच्या पुस्तकात पाकळीचा ल वाचतात. शाळेत हिंदीत दंडाचा. दिल्लीच्या पाटीवर दंडाचा ल अगदी रास्त आहे, देवनागरी दोन्ही भाषांची आहे. पण ही पाटी मराठी वाचनवर्गाची.

नात : बरोबर आहे. २०२२ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले आहेत. संगणकाला दोन्ही ल एकच असतात, त्यांचा क्रमांक एकच. पण मजकूर मराठी आहे असं सांगितलं की चांगला फॉन्ट पाकळीचा ल दाखवतो. माझ्या फॉन्टमध्ये दोन्ही ठेवीन. पाटीसाठी आज पाकळीचा काढते. दोन पाकळ्या जाड करायच्या आणि मधला देठ मोकळा ठेवायचा, हे कठीण जाणार.

आजोबा : कठीण जाऊ दे. झाशीच्या राणीचं नाव आहे. तांब्यांच्या घरची मणिकर्णिका, काशीत जन्मली, झाशीला लक्ष्मीबाई झाली, १८५८ मध्ये ग्वाल्हेरला लढता लढता गेली. दिल्लीत तिच्या नावानं वसाहत आहे आणि त्या वसाहतीत आपण मुलांना मराठी वाचायला शिकवतो. तिच्या नावातलं पहिलं अक्षर मराठी वळणाचं असू दे.

हा ‘ल’ काढायला तिला आणखी दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी पाटी ठरली ती अशी. वर ‘लक्ष्मीबाई नगर’ तिच्या ठळक, भौमितिक अक्षरांत. खाली ‘मराठी वाचनवर्ग’ साध्या, मध्यम वजनात. त्याखाली दिवस आणि वेळ, आणखी साध्या अक्षरात. हाक एकदाच. रेडियमवाल्यानं अक्षरं कापून दिली. आजोबांनी ‘ब’च्या पोटातले दोन्ही पांढरे तुकडे नखानं तपासले, कुठे रेडियमचा तंतू राहिला आहे का ते बघितलं आणि मगच पाटी बाहेर जाऊ दिली.

मी आईही आहे, मुलगीही आहे. दोघांपैकी एकाच्या बाजूनं कौल देणं मला जड जावं, असं कुणी म्हणेल. पण माझं मत या दोन दिवसांत पक्कं झालं आहे. भौमितिक अक्षर देवनागरीला परकं नाही. माझ्या लेकीनं ते आमच्या पाटीवर उभं करून दाखवलं. आणि माझे वडील म्हणतात तेही खरं, की वर्तुळ हे अक्षराचं माप नव्हे. माप आहे चाळीस पावलांवर उभं असलेलं मूल. त्याला जे वाचता येत नाही ते कितीही नेमकं आखलेलं असलं तरी अजून अक्षर झालेलं नाही. ठळक करण्यासाठी जेवढं काळं घालायचं, त्यापेक्षा जास्त वेळ आतलं पांढरं जपण्यात घालवावा लागतो, आणि तो वेळ घालवणाऱ्याच्याच हातून देखणं अक्षर उतरतं.

पुढच्या रविवारी तोच मुलगा सायकलवरून आला. हिरवळीच्या पलीकडूनच त्यानं मोठ्यानं वाचलं, “लक्ष्मीबाई नगर”, आणि पायडल मारत जिन्याशी आला. पहिला, फसलेला कागद मी टाकून दिलेला नाही. तो वर्गात आतल्या भिंतीवर लावला आहे, नव्या छापाच्या शेजारी. ब आणि व शिकवायची वेळ आली की मुलांना तिथे घेऊन जाते आणि विचारते, दोन्ही कागदांत फरक कुठे आहे, शोधा. मुलं आधी काळ्या रेघांवर बोट ठेवतात. थोड्या वेळानं एखादं बोट आत सरकतं, ‘ब’च्या पोटातल्या पांढऱ्यावर.